रुमालाखाली

हळदीच्या पेठेत एकेचाळीस वर्षं
माझा उजवा हात रुमालाखाली बोलला.
कुठलं बोट दाबलं, कुठलं नुसतं चाचपलं, अंगठा कधी सोडला,
देणाऱ्याला कळायचं, घेणाऱ्याला कळायचं.
भोवतीच्या गर्दीला दिसायचा फक्त रुमाल,
आत उंदीर शिरल्यासारखा.

आता विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर,
तोच हात काचेवर ठेवतो
तर काच म्हणते, पुन्हा प्रयत्न करा.

ठसे झिजलेत म्हणे.
रेशनच्या यंत्रानं हेच सांगितलं होतं, बँकेतल्यानंही.
आदगोंडा मगदूम मीच, हे पटवून देणं
माझ्याच बोटाला जमत नाही.

खालच्या शेडबाळेंची मृण्मयी म्हणाली,
आजोबा, बोट जरा ओलं करा, नोटा मोजताना करता तसं.
केलं. उघडलं.
तिनं एक ॲप घालून दिलं. नाव इंग्रजी, मला नीट येत नाही.
सकाळी सात वाजता त्यात एक हिरवं बटण उगवतं.
त्यावर लिहिलेलं असतं: मी आहे.

पहिल्या दिवशी लाज वाटली.
अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे कुणाला कळवायचं?
दार लावलं, मग दाबलं.

आम्ही सात जण आहोत.
खणभागातल्या कुमुदिनीबाई ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात,
अगदी दुखवट्याच्या निरोपातलेसुद्धा.
संजयनगरच्या हौसाबाई ऐवळे लिहीत नाहीत, बोलतात.
त्यांच्या आवाजात कुकरची शिट्टी असते, कोंबड्या असतात,
'आज कालवणात मीठ लई पडलंया' असतं,
आणि शहराच्या सहा कोपऱ्यांत सहा म्हातारी माणसं
जिभेनं टाळू चाचपून बघतात.

आणि मिरजेचा बाबालाल मुजावर.
तीस वर्षं हा माझ्याकडून माल घ्यायचा.
हात हातात असायचा, पण भावापलीकडे
एक शब्द नाही. बायको गेली तेव्हाही नाही.
माझीही गेली होती, त्यालाही कळलं असणार.
आता रात्री तीनला त्याचा निरोप येतो: जागा हाय?
मी लिहितो: हाय.
झालं. एवढ्यावर दोघं पहाटेपर्यंत निभावतो.

एका मंगळवारी त्याचं बटण हिरवं झालं नाही.
साडेसात. आठ.
यंत्रानं सगळ्यांना कळवलं: आज बाबालाल यांची हजेरी नाही.
कुमुदिनीबाईंनी चुकीच्या ऱ्हस्वानं लिहिलं, कोणितरी जा.
हौसाबाई ओरडल्या, बाबालाल, ऊठ की रं!
मी चपला घातल्या. उलट्या घातल्या असाव्यात,
सिटी बसमध्ये कंडक्टर पायांकडे बघत होता.

त्यानं दार उघडलं. दाढी केलेली,
अंगात स्वच्छ सदरा, गॅसवर चहा उकळत होता
दोन कपांचा.
'दाबलंच न्हाई,' म्हणाला.
'बघू म्हटलं, कोन येतंय का.'

मला एवढा राग आला
की गुडघे सरळ होईनात. खाली बसलो.
म्हटलं, माणसं अशी मरतात रे, थट्टेत.
तो काही बोलला नाही.
खांद्यावरचा टॉवेल काढला,
माझा हात ओढला, झाकला,
आणि आतून बोटं दाबली, एकेक करून,
थांबत, जुन्या हिशेबानं.

किती, ते सांगणार नाही.
मी घासाघीस केली नाही एवढंच सांगतो.

खिशात फोन थरथरत होता.
हौसाबाई विचारत असणार, सापडला का.
डावा हात मोकळा होता खरा,
पण त्या हाताची सवय नाही, आणि बोट ओलं करायचं
तर तोंडात चहा.
म्हटलं, सांगतो.
जरा थांबतील.